सामंतकाकांचा आगाऊ सत्कार

माझी मुलगी शर्वरी परळला एका काचेच्या इमारतीत सल्लागार आहे. ती नेमका कुणाला काय सल्ला देते हे तिने मला कितीदा तरी समजावून सांगितलं आणि दर वेळी मी मान डोलावली. मध्यंतरी ही चांगली पक्की नोकरी सोडून दोन मैत्रिणींबरोबर स्टार्टअप काढायचं तिच्या डोक्यात आलं. आलं ते आलं, धड बसेना आणि धड जाईना. वरणभात वाढला की "आई, सोडतेच मी", ताकापर्यंत आलो की "पण आई, घराचे हप्ते?" माझ्यात सहनशक्ती मुळातच बेताची. एका दुपारी मी डाव आपटला आणि म्हटलं, "पुरे झालं. उद्या चल ठाकूरद्वारला, सामंतकाकांकडे."

"ते काय करतात?"

"नारळ खवतात," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला डॉक्टरकडे न्यायला हवं. पण मी खोटं काहीच बोलले नव्हते.

दिगंबर सामंत आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहायचे. फोर्टमधल्या ज्या कंपनीत मी नकाशे गिरवायला लागले, त्याच कंपनीत ते सल्लागार होते. यंत्रं कशी मांडावीत, हवा कुठून खेळवावी, असले सल्ले ही कंपनी गिरण्यांना द्यायची. त्यामुळे माझ्या वाट्याला दोन सामंत आले. चाळीतले सामंतकाका पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात नळावर उभे असत आणि मला "नीले" म्हणत. ऑफिसातले सामंतसाहेब टाय लावून बसत आणि मला "मिस पाटकर" म्हणत. एकदा झोपेतून उठून नळावर आलेले असताना त्यांची गल्लत झाली आणि ते मोठ्यांदा म्हणाले, "मिस पाटकर, आपली बादली भरली आहे." तेव्हापासून लग्न होऊन सासरी जाईपर्यंत मी चाळीत मिस पाटकरच होते.

माणूस उंच, किंचित पुढे झुकलेला, तोंडात सदैव लवंग. विचार करायला लागले की त्यांच्या डाव्या पायातली चप्पल आपोआप सुटायची. चाळीत चप्पल, ऑफिसात टेबलाखाली बूट. आणि विचार तर ते कायमच करत असत. जिन्यात एकटी चप्पल दिसली की लोक ओळखायचे, सामंत इथे थांबून काहीतरी ठरवत होते. काकू ती उचलून घरी न्यायच्या आणि म्हणायच्या, "ठरलं नसणारच. ठरलं असतं तर चप्पल घालून आले असते."

त्यांचा लाडका शब्द 'तत्त्वतः'. चहा घेणार का, विचारलं तरी "तत्त्वतः हो." मग साखर, दूध आणि पित्त यांचा विचार व्हायचा, तोवर चहावर साय धरायची. आणि प्रत्येक प्रश्नाला त्यांच्याकडे तीन पर्याय असत. गिरणीच्या मॅनेजरला त्यांनी तीन पर्याय दिले की मॅनेजर खूश होऊन एक उचलायचा. घरी मात्र उचलणारं कुणी नसायचं.

मासळीबाजारात त्यांच्याबरोबर मी एकदाच गेले. पुन्हा जायची हिंमत झाली नाही. बांगडा, सौंदाळे की सरळ सुकट, असे तीन पर्याय मांडून साहेब पाटीपुढे उभे राहिले. चप्पल सुटली. मागे गिऱ्हाइकांची रांग लागली. कोळीण बराच वेळ सुरी हातात घेऊन थांबली आणि मग कडाडली, "अरं दादा, घेतंस का नाय? तुजा इचार हुईपरयंत म्हावरा परत दर्यात पोचंल!" सामंतसाहेब अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "तत्त्वतः तुमचं बरोबर आहे." आम्ही त्या दिवशी अंड्याचं कालवण खाल्लं.

असा हा माणूस एके दिवशी, नोकरी सोडून धंदा करावा का, असा विचार करायला लागला. म्हणजे बघा.

ते संपाचे दिवस होते. गिरण्यांचे भोंगे थांबले होते आणि लालबाग-परळला दुपारीसुद्धा पुरुषमाणसं नाक्यानाक्यावर बसलेली दिसत. परब हा सामंतकाकांचा गाववाला. लालबागला राहायचा आणि एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे मागांवर कापड विणतात तिथे, फिटर होता. हात रिकामे राहिले की ज्याला ताप भरतो अशातला हा माणूस. भंगारातली एक मोटर, एक दात्यांचा गोळा आणि एक लाकडी पाट जोडून त्याने विजेवर चालणारी नारळाची खवणी तयार केली. अर्धा नारळ गोळ्यावर धरायचा, बटण दाबायचं, चुटकीसरशी खोबरं. आमच्या मालवणी घरांत बाईचा अर्धा जन्म विळीवर नारळ खवण्यात जातो, त्यामुळे ही कल्पना ऐकूनच काकूंचे डोळे भरून आले.

"सामंतानू, बनवूचा काम माझा," परब म्हणाला. "पण दुकानदाराशी बोलूचा, बँकेत जावचा, ह्या माका जमाचा नाय. तुमी नोकरी सोडून येवा. तुमी नि मी. कारखानो काढूया."

सामंतकाका म्हणाले, "तत्त्वतः हो." आणि चप्पल सुटली ती कित्येक महिने पायात गेली नाही.

यंत्राची पहिली चाचणी आमच्या गॅलरीत झाली. परबाला मागांच्या वेगाची सवय, त्याने मोटर त्याच थाटात लावलेली. बटण दाबताच नारळ त्याच्या हातातून सुटला, चौक ओलांडून समोरच्या अण्णा कर्णिकांच्या खिडकीतून आत गेला आणि आमटीच्या पातेल्यात पडला. बाकीचं खोबरं मजलाभर वाळत घातलेल्या कपड्यांवर उडालं. बायकांनी साड्या झटकून झटकून त्या दिवशी सोलकढी केली. आणि या सगळ्या गोंधळात मी एक पाहिलं. सामंतकाका डोक्यावर खोबरं घेऊन लहान मुलासारखे हसत होते आणि दोन्ही चपला त्यांच्या पायात होत्या. कोळणीला किंवा घडियालीसाहेबांना, म्हणजे आमच्या कंपनीच्या पारशी मालकांना, त्यांचं हे हसणं कधी दिसलं नव्हतं. मलाही तोवर दिसलं नव्हतं.

पण हसणं वेगळं आणि राजीनामा वेगळा. नोकरी कायमची होती, एक तारखेला पगार, मुलगा कॉलेजात, म्हातारी आई अंथरुणाला. त्यांनी साऱ्या चाळीला सल्ला विचारला. मला तर ऑफिसात खास बोलावून विचारलं, "मिस पाटकर, एक सहकारी म्हणून आपलं मत काय?" मी म्हटलं, "सोडा साहेब." तेव्हा ते म्हणाले, "आता हेच नीला म्हणून सांग." मी पुन्हा म्हटलं, "सोडा काका." यावर त्यांनी दोघींचं मत विचारात घेतलं जाईल असं सांगितलं.

शेवटी मे महिन्यात गावी जाऊन त्यांनी देवाला कौल लावला. कोकणात ही रीतच आहे. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे हात जोडून बसतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. हा प्रसंग मी काकूंच्या तोंडून ऐकला. काकांनी गुरवाला प्रश्न सांगितला तो असा: नोकरी सोडावी का, सोडल्यास एकदम सोडावी की आधी बिनपगारी रजा घ्यावी, आणि रजा घेतल्यास धंदा न चालल्यास परत रुजू होता येईल का. गुरव हातात तांब्याभर पाणी घेऊन बघतच राहिला.

"साहेबानू," तो म्हणाला, "देवाक एक काय ता इचारा. हयसर कमिटी नाय बसलली."

बरीच ओढाताण होऊन प्रश्न त्यातल्या त्यात आखूड झाला. गाऱ्हाणं झालं. आणि दोन्ही खांद्यांवरच्या पाकळ्या एकदमच खाली आल्या. त्या देवळात असं पूर्वी कधी झालं नव्हतं म्हणे. काकू म्हणाल्या, "देवानं हात झटकले."

जे देवाला जमलं नाही ते अण्णा कर्णिकांनी केलं.

अण्णा हे आमच्या चाळीच्या मंडळाचे चिटणीस. पांढरी टोपी, खिशात खडू, आणि जिन्याखालचा फळा ही त्यांची जहागीर. चाळीत सत्यनारायणाच्या पूजेला दरवर्षी एका रहिवाशाचा सत्कार व्हायचा. शाल, श्रीफळ आणि अण्णांचं भाषण. त्या वर्षी मात्र सत्काराला माणूसच सापडेना. संपाचं वर्ष, कुणाला बढती नाही, कुणाचं घर झालेलं नाही, आणि दरवर्षी पहिला नंबर काढणारा जोश्यांचा बंडू नेमका डोंबिवलीला राहायला गेलेला. शाल तर आणून ठेवलेली. अण्णा दोन दिवस बेचैन होते. मग एका सकाळी फळ्यावर सुवाच्य अक्षरात मजकूर झळकला: 'आपल्या चाळीचे भूषण श्री. दिगंबर सामंत यांनी मोठ्या पगाराची नोकरी सोडून स्वतःचा कारखाना काढण्याचे धाडस केल्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार.'

"अण्णा, अहो अजून विचार चालू आहे," सामंतकाका जिना उतरत धावत आले. एकाच चपलेत.

"मग चालू द्या की," अण्णा म्हणाले. "सत्कार झाल्यावर विचाराला बळ येतं. आणि मंडळाची परंपरा खंडित होता कामा नये."

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं. पण चाळीत राहिलेल्या माणसाला कळेल, फळ्यावर नाव लागलं की ते पुसायला सांगणं हे जिवंत माणसाला शक्य नसतं. पूजा झाली, प्रसाद झाला, अण्णांनी शाल उलगडली आणि सामंतकाकांची मान आपोआप वाकली. टाळ्या कडाडल्या. त्यांच्या म्हाताऱ्या आईला खुर्चीत बसवून खाली आणलं होतं, तिने डोळे पुसले. कोपऱ्यात परब उभा होता. त्याने टाळ्या वाजवल्याच नाहीत, दोन्ही हात जोडून नुसता बघत राहिला. त्या महिन्यात लालबागची कितीतरी बिऱ्हाडं गावी परतत होती. परबाच्या बायकोनेही ट्रंक बांधून ठेवली होती. सत्कारावरून घरी जाऊन त्याने ती ट्रंक सोडली, आणि एका इमारतीत वॉचमनची जागा चालून आली होती ती शेजाऱ्याला देऊन टाकली. सामंतसाहेबांनी शाल घेतली म्हणजे झालंच, असा त्याचा हिशेब.

आणि दुसऱ्या दिवशी सामंतसाहेब ऑफिसला गेले.

गेले कसे, तेच तर सांगायचं आहे. सत्कार झालेला माणूस टाय लावून चाळीतून निघणार कसा? तेव्हा ते लेंगा-सदऱ्यात, खांद्याला नारळांची पिशवी लावून, "दुकानदारांना भेटून येतो" असं गॅलरीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगून निघत. पँट नारळांखाली. टाय खिशात. राहिले बूट. ते पिशवीत मावेनात, म्हणून ते माझ्याकडे आले. मी रोज एका हातात डबा आणि एका हातात कागदात गुंडाळलेले सामंतसाहेबांचे बूट घेऊन बस पकडायची. ऑफिसच्या मागच्या उपाहारगृहात कपडे बदलून ते बाहेर येत आणि म्हणत, "मिस पाटकर, बूट." संध्याकाळी सगळं उलट. कधी नारळांवर ऑफिसातल्या कुणी हात ठेवलाच तर ते म्हणत, "डॉक्टरांनी सांगितलंय." कुठल्या डॉक्टरांनी आणि कशासाठी, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

रविवारी आणि संध्याकाळी ते लालबागला परबाच्या खोलीत. मोटरचा वेग कमी केला, नारळाला मूठ बसवली, दात्यांचा गोळा बदलला. परबाला वाटे, दिवसभर साहेब दुकानं पालथी घालतात. काकू रोज रात्री विचारत, "सांगणार कधी?" आणि काका म्हणत, "कुणाला? घडियालींना नोकरी सोडतोय म्हणून, की परबला अजून सोडली नाही म्हणून?" त्यावर काकू म्हणत, "शाल घेतलीत ना? मग आता अंग झाका तरी नीट." मला हसू यायचं आणि रागही यायचा. राग अशासाठी, की परब मला जिन्यात भेटला की म्हणायचा, "माझो देव हा तो माणूस."

दसऱ्याला लालबागच्या गाळ्यात खवणीच्या कारखान्याचं उद्घाटन ठरलं. प्रमुख पाहुणा कोण? अण्णांच्या डोक्यातून भारी कल्पना निघाली. ज्या मालकाने इतका चांगला माणूस उदार मनाने सोडला, त्यालाच बोलवावं. सामंतांना हे अचानक सांगून खूश करायचं म्हणून त्यांनी चकार शब्द काढला नाही. कोट घातला, परबाला बरोबर घेतलं आणि थेट फोर्ट गाठलं.

मी टेबलावर नकाशा गिरवत होते. समोर सामंतसाहेब टाय लावून, डावा बूट काढून, कुठल्याशा गिरणीचे तीन पर्याय लिहीत होते. शेजारी उभे राहून घडियालीसाहेब ते वाचत होते. दार उघडलं आणि पांढरी टोपी आत आली.

"नमस्कार. आम्ही श्री. सामंत यांच्या पूर्वीच्या मालकांना..." असं म्हणता म्हणता अण्णांची नजर टेबलाकडे गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं भाषण मध्येच थांबलं.

"पूर्वीच्या?" घडियालीसाहेबांनी चष्मा काढला. "सामंत, आ शूं छे? तू नोकरी सोडला? मला कोण सांगितला नाही!"

"साहेब, आम्ही त्यांना शाल दिलीय," अण्णा कळवळून म्हणाले.

"शाल? कोणला थंडी वाजते?"

मी खालमानेने नकाशावर भलतीकडेच रेघ ओढली. हसू आवरेना. पण मग माझं लक्ष दाराकडे गेलं. परब तिथेच उभा होता. हातात नवी खवणी, कागदात गुंडाळलेली. त्याने एकदा टायकडे पाहिलं, एकदा टेबलाकडे. चिडला नाही, ओरडला नाही. हळूच म्हणाला, "साहेब कामात आसत. अण्णा, आपण मागसून येवया." आणि ती खवणी त्याने माझ्या टेबलाच्या कडेला ठेवली. वरचा कागद सुटला होता. खाली पितळेची पट्टी होती आणि तिच्यावर ठोकलेलं नाव होतं, 'सामंत आणि परब'. सामंत आधी.

घडियालीसाहेब मनाचे मोठे. त्यांनी सामंतांच्या खांद्यावर हात ठेवला. "डिकरा, बस. काम कर. मी काय ऐकला नाही."

म्हणजे सुटका होती. नुसतं बसून राहायचं होतं. सामंतसाहेबांनी सवयीने तोंड उघडलं. आता तीन पर्याय येणार, अशी माझी खात्रीच होती. परब वळून दाराबाहेर पडला होता. सामंतसाहेब टेबलाखाली वाकले. बराच वेळ वरच येईनात, तेव्हा अण्णांना वाटलं लाजेनं लपले. मी वाकून पाहिलं. ते डावा बूट घालत होते. नाडी बांधली, घट्ट ओढली आणि उभे राहिले.

"मिस पाटकर," ते म्हणाले, "उद्यापासून माझे बूट आणू नका."

"तत्त्वतः?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"नाही," ते म्हणाले. आणि खवणी उचलून, "परब, अरे थांब रे!" असं ओरडत, टाय उडवत ते जिन्यावरून धावत सुटले. त्या ऑफिसात सामंतसाहेबांना कुणी धावताना पाहिलं नव्हतं. मागे घडियालीसाहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग अण्णांना म्हणाले, "उद्घाटनला मी येते. पण एक खवणी माझ्या घरी पाठव. माझी बायको पात्रानी मच्छीला खोबरा किसून किसून माझ्यावर राग काढते." आले, आणि नारळही त्यांनीच फोडला.

कारखान्याने कुणाला गाडी-बंगला दिला नाही. मध्ये वाईट वर्षंही आली, गाळा दोनदा बदलावा लागला. पण परबाची ट्रंक पुन्हा बांधली गेली नाही आणि दादरपासून गिरगावपर्यंत कित्येक घरांत ती पितळेची पट्टी पोचली. सामंतकाका पुढे बांगडा एका मिनिटात घ्यायला लागले, अशी आवई मात्र काकूंनी उठवली होती. ती खरी नव्हती.

तर, शर्वरीला घेऊन मी गेले. काका फार थकले होते. काकू जाऊन काही वर्षं झाली होती, परबही गेला होता. गॅलरीत आरामखुर्ची, पायाशी पाटावर ती जुनी खवणी. शर्वरीने आपलं सगळं मांडलं. पगार, हप्ते, गुंतवणूकदार, पर्याय एक, पर्याय दोन. लॅपटॉपही उघडला. काका लवंग चघळत ऐकत होते. मी हळूच त्यांच्या पायांकडे पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती.

"मग काका, काय करू?" तिने विचारलं.

"तुमच्या सोसायटीत सत्कार करतात का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"अरेरे."

ते कष्टाने उठले, आत गेले. बराच वेळ आत कपाटाची खुडबूड चालली होती. बाहेर आले ते हातात ती शाल घेऊन. कडा विरलेल्या, डांबरगोळ्यांचा वास. भर मे महिन्यात त्यांनी ती माझ्या मुलीच्या खांद्यांवर पांघरली, पाटावरचा नारळ उचलून तिच्या हातात दिला आणि टाळ्या वाजवल्या. शेजारपाजारचे डोकावले आणि काही न कळता तेही टाळ्या वाजवू लागले. चाळीतल्या लोकांना कारण लागत नाही. शर्वरीची मान आपोआप खाली वाकली. ती वाकताना मी पाहिली आणि समजले, झालं.

"आता सुटका नाही," सामंतकाका म्हणाले.

आम्ही चौकात उतरलो. शर्वरी घामाने निथळत होती, पण शाल काढत नव्हती. वर पाहिलं तर काका कठड्याला धरून उभे. आम्हाला हात करत होते.

"काका, शाल पुढच्या आठवड्यात आणून देते," ती ओरडली.

"मुळीच आणू नकोस!" वरून आवाज आला. तत्त्वतः वगैरे काही नाही.

त्यानंतर मी त्यांना पाहिलं नाही. पावसाळा संपता संपता ते गेले. शर्वरीने नोकरी सोडली त्याच आठवड्यात. शाल तिच्या त्या एवढ्याशा ऑफिसात खुर्चीच्या पाठीवर असते. परवा मी गेले तर ती कुणाशी तरी फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होती आणि टेबलाखाली तिची एक चप्पल पडलेली होती. मी ती उचलली, पुसली आणि तिच्या पायाशी नेऊन ठेवली.